भुताविना भीती

मैत्रिणींनो, भीतीच्या गोष्टीत भूत लागतंच असं नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ साली छापून आली. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीसाठी जुन्या हवेलीत ठेवतो. लिहायलाही मनाई. ती चोरून लिहिते, तेच आपण वाचतो. खोलीच्या खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला. ती म्हणते, पूर्वी इथे मुलं खेळत असतील. आपल्याला मात्र शंका येते. ती भीती सांगते, नवरा हसण्यावारी नेतो. मग भिंतीवरच्या पिवळ्या कागदाआड तिला गजांमागे अडकलेली बाई दिसू लागते. भूत की भास? लेखिका निकाल देत नाही. त्या टांगत्या शंकेनेच आपण धास्तावतो.

गिलमनबाईंनी असा सक्तीच्या विश्रांतीचा उपचार स्वतः भोगला होता.

आमच्या सल्ला केंद्रात सोबत आलेला नवरा म्हणतो, ‘काही नाही हो, हिच्या मनाचे खेळ.’ की ती गप्प. तेव्हा मला ती खोली आठवते. म्हणून आधी त्याला बाहेर बसवू या आणि तिला विचारू या, ‘बाई, तुला काय दिसतं?’