कातडीचाही क्षय असतो

क्षय म्हटला की खोकला आठवतो. पण क्वचित तो कातडीलाही होतो. माझ्या जाऊबाईंच्या हातावर तांबूस चट्टा उठला. दुखेना, खाजेना; मध्ये सुकून व्रण पडे, कडेने सावकाश पसरे. दोन वर्षे गजकर्णाची मलमे झाली. महारोग समजून बायका हळदीकुंकवाला बोलावीनात, शिकल्यासवरलेल्यासुद्धा! पण त्या चट्ट्याला बहुधा स्पर्श कळत नाही. यांना कळत होता.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी चट्ट्यावर काच दाबली. लाली ओसरून पिवळट तपकिरी ठिपके दिसले. मग कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान ठरले: ल्युपस व्हल्गॅरिस. सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. चट्टा बसला, व्रण राहिला. जुळे सोलापुरातून सिव्हिल काही लांब नाही. मलमाला न जुमानणारा चट्टा तिथे दाखवावा.