कासवाची अंडी आणि आजोबांचा माग



परदेश प्रवासावर बोलायचं म्हणजे फोटो हवेत. माझ्याकडे आहेत, पण कासवाचा एकही नाही. कंपनीच्या कामासाठी मलेशियात होतो, तेव्हा सुट्टीत तेरेंगानूला गेलो. तिथल्या रांताऊ आबांग किनाऱ्यावर 1950च्या दशकात लेदरबॅक या महाकाय समुद्री कासवाची वर्षाला सुमारे 10,000 घरटी असायची. आज किनारा जवळजवळ रिकामा आहे.

अंडी वर्षानुवर्षं उचलून विकली गेली. तरी माद्या येतच राहिल्या, कारण कासवं दीर्घायुषी. जुन्या दिसतायत म्हणून सगळं ठीक वाटलं. मागे नवी पिढीच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर बग होता, एरर मात्र काही दशकांनी आली.

दुसऱ्या दिवशी एक बाई सोंगकेत विणताना पाहिल्या. रेशमी ताण्यात सोनेरी जरीचा जादा बाणा. मी ऐटीत सांगितलं, आमच्या औरंगाबादलाही हिमरू आहे, सूत आणि रेशमाचं, माझे आजोबा विणायचे. त्यांनी विचारलं, “मग तुम्हाला येतं?”

काय सांगणार?

आजोबांच्या मागावर नक्षी दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेली असायची. कुठल्या ओळीला कोणते ताणे उचलायचे, ते सगळं त्या गाठींत. प्रोग्रामच तो! मी चार वर्षं कोडिंग शिकलो तेव्हा आजोबा हयात होते. दर सुट्टीत घरी जायचो. जाला कसा बांधतात, हे एकदाही विचारलं नाही. अब्बांनी माग सोडून नोकरी धरली, त्यात चूक नव्हती. मागावर घर चालत नव्हतं. पण विचारायला मला काय पैसे पडत होते?

आपल्या रत्नागिरीतल्या वेळासलाही ऑलिव्ह रिडलेची अंडी पळवली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. आता पुण्याची माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला तिथे जातात, गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. राखणाऱ्याच्या हातात चार पैसे पडतात. हिमरूवाल्याच्या हातात काय पडतं? आपण शाल यंत्रावरची की हातमागावरची, हे तरी विचारतो का?

आजोबांच्या बरोबरीचे एक चाचा अजून आहेत. ऐंशीच्या पुढचे, पण बोटं शाबूत. पुढच्या महिन्यात मोबाइल आणि वही घेऊन त्यांच्याकडे जातोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचंय, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.