विहिरीच्या तोंडापासून बंदरापर्यंत



लघुउद्योजक आणि अभियंत्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. वीजदर, रस्ते, कुशल कामगारांची टंचाई यांवर आज इतर सत्रांत बोलणे होणारच आहे. मी एकच विषय घेतो. युद्धातून बाहेर पडलेल्या देशाचे तेल पुन्हा बाजारात येते तेव्हा नेमके काय घडते, आणि चाकणच्या माणसाने त्याकडे कोणत्या नजरेने पाहावे.

या तेलाशी आपला पहिला संबंध डिझेलचा. आपले मालाचे ट्रक ज्या डिझेलवर धावतात ते मुंबईतल्या माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतून नळाने लोणी काळभोरला येते. माहुलला मुंबई हायच्या तेलाबरोबर आखातातलेही तेल येते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. २०१७-१८ मध्ये इराकने सौदी अरेबियाला मागे टाकले आणि पुढची काही वर्षे तोच आपला सर्वांत मोठा पुरवठादार राहिला. म्हणजे ज्या देशात २००३ साली बॉम्ब पडत होते, ज्याचा मोसुल २०१४ साली दहशतवाद्यांच्या हाती गेला, त्याच देशाच्या तेलावर आपले कारखाने चालत होते.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. युद्धात जमिनीखालचे तेल सहसा नष्ट होत नाही. नष्ट होते ते जमिनीवरचे: पंप, व्हॉल्व्ह, फ्लँज, हीट एक्स्चेंजर, बॉयलर, जनरेटर, मोजमापाची उपकरणे. यातली कितीतरी उपकरणे भोसरी-चाकणच्या या पट्ट्यात तयार होतात. केएसबीचे पंप, थरमॅक्सचे बॉयलर, कासारवाडीच्या फोर्ब्स मार्शलची वाफेची उपकरणे ही नावे सर्वांना माहीत आहेत. त्यांच्यामागे जॉबवर्क करणाऱ्या शेकडो शेड आहेत. म्हणून ‘अमुक देश उत्पादन दुप्पट करणार’ अशी बातमी आली की इथे कोटेशनची चौकशी सुरू होते. त्या बातमीवर किती विश्वास ठेवायचा, हे आज मला सांगायचे आहे.

इराककडेच पाहू. २००३ च्या युद्धाआधी तिथले उत्पादन दिवसाला सुमारे २५ लाख पिंपे होते. २००९ साली बगदादने मोठी क्षेत्रे लिलावात काढली. रुमैला हे सर्वांत मोठे क्षेत्र बीपी आणि चीनच्या सीएनपीसीने घेतले, वाढीव उत्पादनाच्या प्रत्येक पिंपामागे फक्त दोन डॉलर मोबदल्यावर. सगळ्या करारांतली उद्दिष्टे मिळवून आकडा दिवसाला सव्वा कोटी पिंपांच्या जवळ गेला. सौदी अरेबियानेही तोवर एवढे तेल कधी काढले नव्हते. प्रत्यक्षात इराक ४५ लाखांच्या पलीकडे गेला आणि तिथेच घुटमळला. ही वाढ लहान नाही. उद्‌ध्वस्त देशाने उत्पादन जवळजवळ दुप्पट केले, याचे श्रेय तिथल्या अभियंत्यांना दिलेच पाहिजे. पण सव्वा कोटीच्या भरवशावर ज्याने मशिन घेतले असते, त्याचा हप्ता कोणी भरला असता?

अडले कुठे, ते आपल्यासारख्या लोकांना चटकन समजेल. दक्षिण इराकच्या जुन्या क्षेत्रांत दाब टिकवायला जमिनीत पाणी भरावे लागते. एका पिंप तेलामागे साधारण दीड पिंप पाणी. नद्यांमध्ये तेवढे पाणी नाही. समुद्राचे पाणी शुद्ध करून नळाने आणायची योजना या करारांपाठोपाठच पुढे आली आणि दहा-बारा वर्षे कागदावर राहिली. २०२३ साली टोटलएनर्जीजबरोबरचा करार पक्का झाला, तेव्हा कुठे ती मार्गी लागू लागली. विजेचेही तेच. तेलाबरोबर निघणारा वायू जाळून टाकण्यात इराक अनेक वर्षे जगात रशियाच्या खालोखाल होता, आणि वीज बनवायला वायू मात्र इराणकडून विकत घ्यायचा. वायू गोळा करणारे कॉम्प्रेसर आणि नळ नसले की असे होते.

याउलट कुवेतचे उदाहरण घ्या. १९९१ साली माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. आग विझायला वर्षे लागतील असे तज्ज्ञ म्हणत होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये शेवटची विहीर विझली, निर्यात त्याआधीच सुरू झाली होती. कुवेतचे नुकसान डोळ्यांना अधिक भयंकर दिसत होते, तरी तो लवकर सावरला. बंदर स्वतःचे, मालकी एकाची, परदेशात साठवलेला पैसा हाताशी आणि तेलाच्या उत्पन्नावर आपसात तंटा नाही. इराकमध्ये तेल आणि वायू कायद्याचा मसुदा २००७ साली तयार झाला. तो आजवर मंजूर झालेला नाही. तेल विकायचा अधिकार बगदादचा की कुर्दिस्तानच्या एरबिलचा, हा वाद त्यामुळे उघडा राहिला. मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या लवादाने बगदादच्या बाजूने निकाल दिला आणि तुर्कस्तानातल्या जेहान बंदराकडे जाणारा उत्तरेचा नळ बंद पडला. दिवसाला सुमारे साडेचार लाख पिंपे थांबली. नळ शाबूत होता, विहिरी शाबूत होत्या. तेल पुन्हा वाहायला सप्टेंबर २०२५ उजाडले.

दक्षिण सुदानची कथा याहून कडवट आहे, आणि तिच्यात आपला पैसाही आहे. ओएनजीसी विदेशने २००३ साली कॅनडाच्या टॅलिस्मनकडून सुदानच्या ग्रेटर नाइल प्रकल्पातला २५ टक्के हिस्सा घेतला. २०११ च्या जुलैत देश दुभंगला. बहुतेक तेल दक्षिणेकडे गेले. नळ, शुद्धीकरण कारखाने आणि लाल समुद्रावरचे बंदर उत्तरेकडे राहिले. वाहतुकीच्या दरावर भांडण झाले आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने स्वतःच्याच विहिरी बंद केल्या. सरकारचे जवळजवळ सगळे उत्पन्न तेलाचे असताना! सव्वा वर्षाने तेल सुरू झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात यादवी पेटली. २०१८ चा शांतता करार झाला, थोडी उभारी आली. मग २०२३ मध्ये उत्तरेच्या सुदानात युद्ध. तिथले तेल मेणचट आहे. गरम ठेवून सतत ढकलले नाही तर थंडीतल्या खोबरेलासारखे थिजते. युद्धक्षेत्रातल्या पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना आणि २०२४ च्या सुरुवातीला एका मोठ्या नळाचे काम ठप्प झाले. तेल असलेल्या देशाचे तेल डिझेलअभावी अडावे, यातच सगळे आले.

ओएनजीसी विदेशने खार्तूमपासून पोर्ट सुदानपर्यंत ७४१ किलोमीटरचा नळ बांधून दिला. काम चोख झाले, पण हप्ते थकले आणि लवादाकडे जावे लागले. एका सरकारी कंपनीची ही गत, तर भोसरीच्या चार सीएनसी मशिनच्या मालकाने ‘मंत्रालयाची ऑर्डर आहे, पैसे कुठे जातात?’ या शब्दावर माल डिस्पॅच करू नये. पक्के, दुसऱ्या बँकेने हमी दिलेले एलसी (पतपत्र) आणि निर्यात पतहमी देणाऱ्या ईसीजीसीचे विमा संरक्षण हातात असल्याशिवाय क्रेट बंद करायचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पैशाइतकाच बंदराचा प्रश्नही मोठा आहे. लिबियाने २०११ च्या पडझडीनंतर वर्षभरात उत्पादन जवळजवळ पूर्ववत केले होते. सगळे खूश होते. २०१३ च्या उन्हाळ्यात सशस्त्र गटांनी निर्यातीची बंदरे रोखली आणि सगळे पुन्हा कोसळले. म्हणून उत्पादनाच्या घोषणेपेक्षा बंदराचा ताबा कोणाकडे आहे, हे आधी विचारावे. युद्धातून बाहेर पडणाऱ्या सीरियाबद्दलच्या बातम्याही याच प्रश्नावर घासून पाहाव्यात.

आता जे बोलतो ते धंद्याच्या पलीकडचे आहे, पण या व्यासपीठावरून ते बोललेच पाहिजे. बसरा ही इराकच्या तेलाची राजधानी. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथे दूषित पाण्याने लाखाहून अधिक लोकांना रुग्णालयात जावे लागले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बगदादच्या तहरीर चौकात तरुण उतरले. सरकारच्या महसुलातले नव्वद टक्क्यांच्या आसपास तेलातून येतात, आणि तेलक्षेत्रात नोकरी मिळते ती शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला. त्या आंदोलनात जखमींना रुग्णालयात पोहोचवले ते तीनचाकी चालवणाऱ्या गरीब पोरांनी. भारतातून गेलेल्या, आपण रोज रस्त्यावर पाहतो तशा त्या रिक्षा. आंदोलकांनी काढलेल्या वर्तमानपत्राचे नावही ‘तुकतुक’. आकुर्डी आणि वाळूजच्या मुलखात रिक्षा हे पोट भरायचे साधन आहे. तिथे तिने माणसांचे प्राण वाचवले. तेलाचा पैसा पाण्यात, विजेत, शाळेत उतरला नाही तर निर्यात कितीही वाढो, तो देश सावरला असे मी म्हणणार नाही. असंतोष धुमसत राहिला तर तुमची पुढची ऑर्डरही सुरक्षित नाही.

भावाचा मुद्दा थोडक्यात. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेले. अमेरिकेच्या शेल तेलाबरोबर इराकच्या वाढलेल्या तेलाचाही त्यात वाटा होता. आपले डिझेल स्वस्त झाले, पण तेलक्षेत्राच्या फोर्जिंगची मागणी आटली. एका हाताने मिळाले, दुसऱ्या हाताने गेले. ज्यांचे सगळे मशिनिंग तेलाच्या एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असेल, त्यांनी हा काळ आठवावा.

मग करायचे काय? या बाजारात पाय ठेवायचा तर इराकी तेलातल्या हायड्रोजन सल्फाइडला टिकणारा माल द्यावा लागतो. साध्या पोलादाचा कडकपणा २२ रॉकवेल सीच्या आत ठेवावा लागतो, प्रत्येक हीटचे प्रमाणपत्र जपावे लागते, व्हॉल्व्ह असेल तर एपीआयचा परवाना लागतो. एकट्या शेडला हा खर्च झेपत नाही. वाहनउद्योगासाठी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये समाईक चाचणी सुविधा उभी राहिलेली आपण पाहिली आहे. तशीच सोय तेल आणि वायू क्षेत्रातल्या सुट्या भागांसाठी हवी, आणि केंद्राच्या समूह विकास योजनेतून तिला पैसा मिळवता येईल. तिच्या शेजारी एक खोली अशी असावी, जिथे निर्यातीच्या देशाचा नळ, बंदर, कायदा आणि बँक यांची माहिती कोणाही सभासदाला बघता येईल. असा ठराव मी या परिषदेपुढे मांडत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर मनमोकळी चर्चा करा, उणिवा दाखवा, आणि पटला तर संध्याकाळी जाण्याआधी त्यावर सही करून जा, ही आपणा सर्वांना माझी विनंती.