लळिंग ते थाळनेर : नदीकाठची पायवाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पौष महिन्यापासून आम्ही सहाजणी दर रविवारी पहाटे बूट घालून कोठे जातो, ते सर्वांना एकदा सांगून टाका, असे अध्यक्षबाईंनी मला सुचविले. गल्लीत जे निरनिराळे तर्क चालले आहेत ते त्यामुळे तरी थांबतील. तर ऐका. आम्ही लळिंगच्या किल्ल्यापासून निघालो, पांझरेच्या काठाने ती तापीला मिळते तेथवर गेलो, आणि शेवटी थाळनेर पाहून आलो. एका दमात नव्हे. चार रविवार लागले. दिवस मावळण्याच्या आत एस.टी. गाठावयाची आणि जेथे सोडले तेथून पुढच्या रविवारी पुन्हा चालू लागावयाचे, असा बेत होता.

"पण कशासाठी?" हा प्रश्न आम्हाला घरी, दारी, एस.टी.त सर्वांनी विचारला. त्यातील सर्वांत चांगला प्रश्न न्याहळोदच्या पुढे शेतात भेटलेल्या एका आजीबाईंचा. "कोन्ता देवले जाई राहिन्यात वं माय?" आम्ही म्हटले, देवाला नाही आजी, किल्ला पाहायला. आजी हसल्या. "किल्लामा काय शे?" असे म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता हरभऱ्याचा टहाळ आमच्या हातात दिला.

आजींचे चुकले असे मला वाटत नाही. खानदेशातील बाईला चालणे नवे नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, तिच्याबरोबर महिन्याहून अधिक दिवस पायी चालणाऱ्या आपल्याच बाया असतात. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्या पायी यात्रेत लेकुरवाळ्यासुद्धा दिसतात. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला आपण वाजतगाजत नदीवर जातोच. तेव्हा कोणी "कशासाठी" म्हणत नाही. नवस असला की घरातून परवानगी मिळते, भाकऱ्याही बांधून मिळतात. नुसते पाहण्यासाठी, समजून घेण्यासाठी जावयाचे म्हटले की मात्र कपाळाला आठ्या पडतात. आमच्यापैकी एकीला सासूबाईंनी पहिल्या रविवारी विचारले, "अगं, डोंगरावर देवी तरी आहे का?" लळिंगवर देवीचे देऊळ आहे, हे सांगितल्यावर काम झाले. दुसऱ्या रविवारी देवी नव्हती, तेव्हा जरा बोलणी खावी लागली. असो.

लळिंग आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचा. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रोडने मालेगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला डोंगर येतात, त्यांतला तो एक. मोटारीतून शेकडो वेळा पाहिलेला, पण चढलेल्या किती? वर जावयास बेताने तासभर पुरतो. वाटेत खडकात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. माथ्यावर उभे राहिले की खालून जाणारा रस्ता आणि उत्तरेस धुळ्याचे मैदान, दोन्ही एकदम दिसतात. तेथे कोणी न सांगताही कळते की, हा किल्ला घाटावर नजर ठेवण्यासाठी आहे. पुस्तकात वाचून हे मला कधी पटले नव्हते.

या लळिंगची एक गोष्ट मात्र बायकांनी अवश्य ऐकावी. खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते. या घराण्याच्या मूळ पुरुषाला, मलिक राजाला, दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेरचा मुलूख दिला. त्याचा मुलगा नासीरखान. याच्या ताब्यात प्रथम लळिंग होते, पुढे याने अशीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसविले. नासीरखानाची मुलगी बेदरच्या बहामनी सुलतानाला, अल्लाउद्दिनाला दिलेली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाची मुलगी केली आणि तिच्याच नादी लागला. तेव्हा फारुकीकन्येने बापाला कळविले की, येथे माझी उपेक्षा होते. नासीरखानाने वऱ्हाडावर स्वारी केली, १४३७ साली. बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार याने त्याचा पराभव केला, बुऱ्हाणपूर लुटले आणि त्याला थेट लळिंगपर्यंत रेटीत आणले. येथेही हार झाली आणि त्याच वर्षी नासीरखान लळिंगला मरण पावला. फिरिश्त्याने आपल्या तवारिखेत हे सर्व दिले आहे.

गडावर टाक्याच्या काठी भाकरी खाताना यावर आमचे चांगलेच वाजले. एक म्हणाली, मुलीने कळवावयास नको होते, केवढी माणसे मेली. दुसरी म्हणाली, मग काय गिळून बसावयाचे? बापाने जावयाला चार शब्द सुनवावे, फौज कशाला न्यावी? तिसरी आमच्यात सर्वांत वडील. त्या इतकेच म्हणाल्या की, निदान तिचे पत्र वाचून कोणी उठले तरी. यावर पुढे कोणी बोलले नाही.

नासीरखानाचे दफन लळिंगला झाले नाही. त्याला थाळनेरला त्याच्या वडिलांशेजारी नेऊन पुरले. आपण त्याच दिशेने चालत आहोत, हे आमच्या ध्यानात आले आणि वाटेला एक अर्थ आला.

धुळ्यात एकवीरा देवीला हात जोडून पांझरेचा काठ धरला. ही नदी साक्रीकडून पूर्वेस वाहत येते, धुळ्यानंतर उत्तरेस वळते आणि मुडावदपाशी तापीला मिळते. माघात तिच्यात पाणी ते कितीसे! तरीपण पांझरेचे खरे वैभव मोठ्या पुरात नव्हे, तिच्या जुन्या दगडी बंधाऱ्यांत आहे. शेकडो वर्षांची ही फडपद्धत आपल्या जिल्ह्याची. बंधाऱ्यापासून पाट काढावयाचा, त्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, पुढच्या साली फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडले तर सर्वांनाच कमी. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि सर्वांवर गावचे पंच. सरकारी इंजिनिअर नव्हता आणि कोणा राजाचा हुकूमही नव्हता. राजांचे किल्ले ढासळले, हे बंधारे मात्र पुष्कळसे टिकले. आता वर धरणे झाली, घरोघर विहिरींवर मोटारी बसल्या, आणि अनेक ठिकाणी फड मोडले. आम्ही एका बंधाऱ्यावर बसलो होतो, तेथील म्हातारे शेतकरी म्हणाले, "पाणी आपापले झाले, तसे पंच आपापल्या घरी गेले."

बेटावदवरून मुडावदला पोचलो. कपिलेश्वराचे दर्शन घेतले, संगम पाहिला. तेथून थाळनेर तापीच्या पलीकडे, म्हणून शेवटच्या रविवारी एस.टी.ने शिरपूरवरून फिरून गेलो.

थाळनेर पाहून प्रथम वाईट वाटते. किल्ला म्हणावे असे फारसे उरलेले नाही. तापीच्या अंगाला उंच दरड आणि पडका तट. पण सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारी जुनी व्यापारी वाट येथून जात असे, तेव्हा नदीवरच्या या जागेला केवढे मोल असेल! स्पेन देशात दुएरो नावाच्या नदीवर गोर्माझचा किल्ला असाच आहे. थाळनेरच्या फारुकींच्या आधी चारशे वर्षे, ९६५ च्या सुमारास, तेथील मुसलमान खलिफाने तो नदीचा उतार राखण्यासाठी वाढवून बांधला. तटाची लांबी किलोमीटरभर. आज त्या नदीकाठाने खुणा करून पायवाट आखली आहे आणि देशोदेशीची माणसे, बायकाही, पाठीवर पिशव्या टाकून चालतात. त्यांना कोणी नवस विचारीत नाही. आपल्या पांझरेकाठी अशा खुणा करावयास काय लागते? चुन्याची बादली आणि दोन सुट्ट्या.

थाळनेरचा शेवटचा प्रसंग २७ फेब्रुवारी १८१८ चा. मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांस दिला होता. जनरल हिस्लॉप किल्ला ताब्यात घेण्यास आला. किल्लेदार तुळशीराम मामा. बोलणी चालू असता आत शिरलेल्या इंग्रजांवर शिबंदीने शस्त्र चालविले, दोन अधिकारी पडले. मग आतली बहुतेक शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. ही फाशी न्यायाची की सूडाची, याची चर्चा पुढे विलायतेच्या पार्लमेंटातही झाली. आपल्या येथे तुळशीराम मामाचे नाव किती मुलांना माहीत आहे?

गावाजवळ फारुकींच्या कबरी आहेत. त्यांतील एक अष्टकोनी, दगडी नक्षीची, फार सुबक. मलिक राजा येथे आहे, नासीरखान येथे आहे. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. बेदरला दिलेल्या त्या लेकीची आठवण सर्वांनाच झाली असावी, कारण वडील बाईंनी वाटेत तोडलेली झेंडूची दोन फुले तेथे ठेवली.

जळगावच्या भगिनींनी हे धुळ्याचेच कौतुक समजू नये. तुमच्याकडे पारोळे आहे. तेथील खंदकाचा भुईकोट १७२७ चा आणि गावाचा संबंध झाशीच्या नेवाळकरांशी. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे जुने देऊळ आहे. तुम्ही चालून या आणि पुढच्या वर्षी येथे येऊन सांगा.

आमची पुढची फेरी भामेरची, साक्री तालुक्यात. डोंगरात खोदलेल्या पुष्कळ खोल्या आहेत, म्हणून बॅटरी आणावी. कळण्याची भाकरी आणि ठेचा प्रत्येकीने आपापला, पाणी दोन बाटल्या, चपला नकोत, बूट हवेत. नावे चिटणीसबाईंकडे गुरुवारपर्यंत द्यावीत. भामेरला देवी आहे का, असे घरी विचारले तर काय सांगावयाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.