पहिली सायकल कोठून घ्यावी?



आज आपण सायकलीविषयी बोलू. विषय लहान वाटेल. पण ज्या घरात पहिलीच सायकल यायची आहे, त्या घराला तो लहान नसतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात चार-पाच हजार रुपये बाजूला काढणे म्हणजे काय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय या पैशांत पुष्कळ वेळा मुलीची शाळा अडकलेली असते. वस्तीवरची मुलगी सातवीपर्यंत जवळच्या शाळेत शिकते. पुढची शाळा तीन-चार किलोमीटर लांब. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. मग घरचे म्हणतात, "मास्तर, पुरे झालं आता. पोरीच्या जातीला एवढं लांब कसं धाडावं?" हे वाक्य आम्ही नोकरीत असताना जवळजवळ प्रत्येक जून महिन्यात ऐकले. दारात सायकल आली की हेच बाप पुढे ते वाक्य बोलत नाहीत, हेही आम्ही पाहिले.

सरकारचा मानव विकास कार्यक्रम आहे. त्यात मागास ठरलेल्या तालुक्यांतील गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. मुलगी आठवी ते बारावीत शिकणारी असावी आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी असावी. ही रक्कम आधी ३,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती ५,००० रुपये झाली. आपल्या मुलीला ती मिळू शकते का, हे तिच्या मुख्याध्यापकांना विचारावे. विचारायला लाजू नये.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. यात सरकार पैसे देते, सायकल देत नाही. सायकल आपणच पसंत करून घ्यायची आणि पावती शाळेत द्यायची. म्हणजे दुकान निवडण्याचे काम आपल्यावर आले.

दुकाने दोन तऱ्हेची असतात. एक आपल्या भागातले. जिंतूरला, सेलूला, परभणीला सायकलीची अशी दुकाने आहेत. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि पोऱ्या मागे पाना घेऊन बसतो. दुसरे म्हणजे मोठ्या शहरातले साखळी दुकान. एकाच नावाची, एकाच कंपनीची दुकाने गावोगाव असली म्हणजे त्यांना साखळी दुकाने म्हणतात. सायकलीच्या साखळीशी या नावाचा काही संबंध नाही! १९७६ साली फ्रान्स देशात सुरू झालेली डेकॅथलॉन ही अशी एक साखळी. पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या आपल्या पोरांनी तिची दुकाने पाहिली असतील.

अशा दुकानात आत गेले की डोळे दिपतात. दिवे, आरसे, रांगेने मांडलेल्या रंगीत सायकली. पण नुसत्या दिव्यांना नावे ठेवून चालणार नाही. तिथल्या काही गोष्टी खरोखर चांगल्या असतात. किंमत चिठ्ठीवर छापलेली असते. ती कलेक्टरला एक आणि शेतकऱ्याला दुसरी, अशी नसते. पावती मागावी लागत नाही. सायकलीवर बसून पाहा, चालवून पाहा, असे दुकानवालाच म्हणतो. या चार गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्या लागणार आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. आमच्या शेजारच्या एका घरी मुलाने शहरातल्या एका मोठ्या दुकानातून बहिणीसाठी सायकल आणली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. गिअरची, सुंदर सायकल. पोर आनंदून गेली. दुसऱ्या महिन्यात सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीला टांगलेला असतो ती पट्टी वाकली. आपल्या पंक्चरवाल्या मामांनी ती ठोकून पाहिली. ती मोडली. तसली पट्टी जिंतुरात मिळेना. परभणीत मिळेना. मुलगा पुन्हा शहरातून दिवाळीला येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि पोर पायी जात होती. त्या सायकलीत खोट नव्हती बरे का. ती चुकीच्या ठिकाणी आली होती.

आपली जमीन काळी. चारठाण्याची डांबरी सडक सोडून पांदणीला लागले की पावसाळ्यात काय होते, ते सांगायला नको. चिखल टायरला धरतो आणि मडगार्डात जाऊन बसतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटे जागा नसेल तर चाक फिरतच नाही. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. आठवड्याला एक पंक्चर धरूनच चालावे. म्हणून आपल्याकडची सायकल कशी असावी, तर आपल्या गावच्या पंक्चरवाल्याच्या पान्याला जुमानणारी असावी.

आता जरा आकडे वाचू. आपण वाचायला शिकलो ते अशाच कामासाठी.

टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. आपल्याकडच्या साध्या लेडीज सायकलीवर बहुधा २६ × १ ३/८ असे असते. जाड टायरच्या डोंगरी सायकलीवर २६ × १.९५ असे काहीसे असते. दोन्हीकडे २६ आहे, म्हणून दोन्ही टायर सारखे, असे माणसाला वाटते. ते खरे नाही. त्याच टायरवर आणखी एक आकडा बारीक अक्षरांत असतो. त्याचे शेवटचे तीन अंक पाहा. पहिल्या टायरवर ५९० असेल, दुसऱ्यावर ५५९ असेल. टायर लोखंडी रिंगवर जिथे बसतो, तिथला हा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. दोहोंत ३१ मिलिमीटरचा, म्हणजे तीन सेंटिमीटरहून जास्त फरक. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसणार नाही. जुन्या मोठ्या काळ्या सायकलीवर २८ × १ १/२ आणि ६३५ असते. शहरी सायकलीवर पुष्कळदा ७००सी आणि ६२२ असते.

म्हणून सायकल घेण्याआधी तिचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो कागद गावच्या पंक्चरवाल्याला दाखवा. विचारा, "मामा, असला टायर, असली ट्यूब तुमच्याकडे भेटते का?" तो "हो" म्हणाला तर पुढे जा. हवा भरायच्या वॉल्व्हचेही असेच. काही सायकलींना फार बारीक वॉल्व्ह असतो. आपल्याकडचा पंप त्याला लागत नाही.

सारख्या मापाचे महत्त्व किती, ते ॲटलस सायकलीवरून कळते. आपल्या वडिलांच्या पिढीत ॲटलस हे नाव घरोघर होते. १९५१ साली हरियाणातील सोनीपतला ही कंपनी सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. तरीही कुणाची जुनी काळी ॲटलस असेल तर तिला टायर, साखळी, छर्रे आजही मिळतात. कारण हीरो, एव्हन, ॲटलस, कोणाचीही साधी काळी सायकल घ्या, माप सारखेच. कंपनी गेली, पण सायकल चालते आहे.

तर मग आपल्या भागातलेच दुकान बरे, असे आमचे मत आहे. पण डोळे मिटून नव्हे. या दुकानांतही कमी घोटाळे नसतात.

सायकल कारखान्यातून पूर्ण जोडलेली येत नाही. सुटे भाग खोक्यातून येतात आणि दुकानात त्यांची जोडणी होते. घाईगर्दीत पोऱ्याने नट अर्धवट आवळला तर हँडल सैल राहते, ब्रेक लागत नाही. म्हणून जोडणी आपल्या समोर करून घ्या. चाक उचलून फिरवा. ते डुलत असेल तर मालकाला म्हणा, "शेठ, आधी याचा आऊट काढा." दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहा. महिन्याभराने चाकाच्या तारा आणि ब्रेकची वायर थोडी सैल होतेच, तेव्हा एकदा फुकट आवळून द्यायचे त्याच वेळी कबूल करून घ्या.

भाव ठरवताना कॅरेज, स्टँड, घंटी, कुलूप धरून किती, असे विचारावे. नाहीतर भाव एक ठरतो आणि देताना दुसराच होतो.

आणि पावती. "पावती घेतली तर जीएसटी लागेल, तशीच न्या," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा हा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेवढ्यासाठी पावती सोडणे परवडत नाही. पावती नसेल तर शाळेत काय देणार? पुढचा चिमटा तुटला तर हमीचे कार्ड कोण मानणार? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्यात पावती न देणे हा अनुचित व्यापार धरला आहे. तक्रार करायची तर ग्राहकांचा सरकारी फोन नंबर १९१५ आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पण आपल्या दुकानदाराशी एकदम कायदा बोलू नये. आधी सरळ मागावे. बहुतेक जण देतात.

मघाशी साखळी दुकानाच्या चार गोष्टी सांगितल्या. लिहिलेली किंमत, पावती, बसून पाहणे, चालवून पाहणे. त्या आपल्या दुकानातही मागायच्या. मागितल्याशिवाय मिळत नाहीत, एवढाच फरक.

आता मापाचे एक. आपण लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. सायकल तशी घेऊ नका. नवशिक्याला सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. उंच सायकलीवरून लेकरू दोनदा पडले की तिसऱ्यांदा बसत नाही. म्हणून दुकानात मुलीलाच बरोबर न्या. बाप आणि चुलता जाऊन आपल्या मापाची सायकल आणतात, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. साखळीला पूर्ण झाकण असावे आणि मागच्या चाकाला जाळी असावी, म्हणजे ओढणी गुंतत नाही. शहरी डोंगरी सायकलीला या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

आणि आयाबहिणींनो, सायकल फक्त पोरींनीच शिकावी असे नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१ च्या सुमारास तिथे आपल्यासारखेच साक्षरतेचे वर्ग चालू होते. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. वर्गातल्या बायकांना सायकलही शिकवायची, असे ठरले. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकली मिळेनात. तेव्हा बायकांनी दांड्याच्या पुरुषी सायकली घेतल्या. पुढे कित्येकींना त्याच आवडू लागल्या, कारण दांड्यावर लेकराला बसवता येते!

शिकताना सीट खाली करावी आणि दुकानदाराकडून दोन्ही पायडल काढून घ्यावेत. पायांनी जमीन ढकलत मैदानात आठ-दहा दिवस फिरावे. तोल आला की पायडल बसवावेत. डाव्या पायडलची आटी उलटी असते, जोराने उजवीकडे पिळून ती खराब करू नका.

बाहेर कडुनिंबाखाली दोन सायकली उभ्या आहेत. एक साधी लेडीज, एक जाड टायरची. ज्याला त्याला जवळ जाऊन टायरवरचे आकडे वाचू द्या. चष्मा असेल तर तो लावून या, अक्षर बारीक आहे.