ग्रॅनाइट, रेडॉन आणि आपले नवे सभागृह
(मंडळाच्या व्याख्यानमालेत, सिकंदराबाद येथे दिलेले भाषण)



मी काही शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पुढची वीस-बावीस वर्षे खडी, सिमेंट आणि विटांमध्येच गेली. आपल्या नव्या सभागृहाचा नकाशा सभेत आला तेव्हा दोन आक्षेप निघाले. ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो म्हणून ती फरशी नको, आणि राखेच्या विटाही नकोत. त्याच नकाशात तळघरात एसी बसवून बालवाडी दाखवली आहे. त्यावर मात्र कोणी काही बोलले नाही. चिटणीसांनी मला चार शब्द बोलायला सांगितले ते याच विषयावर.

मंडळी, माती आणि दगड म्हटले की त्यात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम थोडेथोडे असायचेच. बाप्पाच्या शाडूतही असते आणि आपल्या अंगातही. सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकेरेल म्हणतात. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात केवळ पोटॅशियमचेच सुमारे ४००० बेकेरेल असतात. तेव्हा प्रश्न 'आहे की नाही' हा नाही, 'किती आहे' हा आहे.

बांधकामाच्या मालासाठी एक सोपा हिशेब आहे. एका किलोतील रेडियमचे बेकेरेल, अधिक थोरियमचे १.४३ पट, अधिक पोटॅशियमचे ०.०७७ पट. ही बेरीज ३७० च्या आत असावी. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने सर्वसाधारण मालासाठी अनुक्रमे ५०, ५० आणि ५०० हे आकडे दिले आहेत. त्यांची बेरीज येते १६०. संगमरवराची याहून कमी भरते, ग्रॅनाइटची जास्त, आणि काही जातींची तर ३७० च्याही वर जाते. पण ही मर्यादा अख्खी खोली त्याच मालाची बांधली असे धरून आहे. ओट्यावरची पाऊण इंची फरशी म्हणजे दगडी खोली नव्हे.

आता राखेच्या विटा. कोळसा जळून गेला की त्यातले रेडियम राखेत काही पटींनी एकवटते, हे खरे. पण भट्टीच्या उष्णतेने राखेचे कण काचेसारखे होतात आणि रेडियमपासून निघणारा वायू बराचसा आतच अडकतो. औष्णिक केंद्रांच्या परिसरात विटांसाठी राख वापरण्याचा नियम सरकारने १९९९ मध्येच केला.

खरी काळजी आहे ती या वायूची. त्याचे नाव रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे निम्मे अणू ३.८ दिवसांत फुटतात आणि त्यातून पोलोनियमचे घन कण तयार होतात. ते धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे मोठे कारण रेडॉन आहे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट. संघटनेने २००९ मध्ये सुचवले की घरातील हवेत घनमीटरला १०० बेकेरेलपेक्षा जास्त रेडॉन नसावा आणि काही केल्या ३०० च्या वर जाऊ नये.

१९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनीअर अणुवीज केंद्रात कामाला जात. आत शिरतानाच त्यांच्या अंगावरच्या किरणोत्सर्गाने भोंगा वाजू लागला. म्हणजे तो केंद्रातला नव्हता, घरून आलेला होता! घर तपासले तर हवेत घनमीटरला सुमारे एक लाख बेकेरेल. दोष भिंतींचा नव्हता. घराखालच्या युरेनियमयुक्त खडकातून वायू वर येत होता.

स्वीडनमध्ये मात्र भिंतीच दोषी निघाल्या. तिथे १९२९ ते १९७५ या काळात युरेनियमयुक्त शेल दगडापासून निळसर, हलके काँक्रीट बनवत. सत्तरच्या दशकात तेल महागले, लोकांनी उष्णता वाचवण्यासाठी फटी बुजवल्या, आणि आतला रेडॉन आणखी वाढला. आपण उकाड्यासाठी एसी लावतो आणि खिडक्या बंद करतो. कारण वेगळे, परिणाम तोच.

म्हणून माझे म्हणणे असे. ग्रॅनाइट जरूर बसवा. तो कापताना मात्र पाणी मारा आणि मिस्त्रींना मास्क द्या, कारण त्या धुळीतली सिलिका त्यांच्या फुप्फुसाला फरशीतल्या किरणांपेक्षा कितीतरी घातक आहे. राखेच्या विटा चाचणीचा दाखला पाहून घ्या. तळघराच्या काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरा, पाइपांभोवतीच्या फटी बुजवा, समोरासमोर झरोके ठेवा. बांधून झाल्यावर रेडॉन मोजणारी फिल्म तीन महिने टांगून तपासणी करून घ्या. तिचा खर्च फरशीच्या मानाने किरकोळ आहे.

आणि बालवाडी वरच्या मजल्यावर न्या. खाली सतरंज्या, मांडवाचे सामान, ढोल-ताशे राहू द्या. त्यांना श्वास घ्यावा लागत नाही. मुलांना लागतो, आणि ती रोज चार तास तिथे बसणार आहेत. वरची खोली कार्यालयासाठी राखली आहे हे मला ठाऊक आहे. विसर्जनानंतरच्या सभेत नकाशा मंजुरीला येईल, तेव्हा एवढा एक बदल सुचवून हात वर करा, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!