पंख्यातला कॅमेरा



मेथॅम्फेटामाइन घेणारा मुलगा फॅमिली डॉक्टरकडे येतो, पण नशा करतो असं सांगत नाही. तो खाजेची तक्रार करतो, किडलेले दात दाखवतो, छातीत धडधडतं म्हणतो. कधी त्याची आई येते. "तीन-चार रात्री डोळा लागलेला नाही, डॉक्टर. पंख्यात कॅमेरा आहे म्हणतो."

घरच्यांचा तर्क बहुधा दोनच बाजूंना धावतो: कुणी बाहेरचं केलंय, नाहीतर पोराला वेड लागलंय. डॉक्टरने मात्र मुलाला एकट्याला बसवून, न रागावता विचारावं, "काय घेतोस? शेवटचं कधी घेतलंस?" ताप, डोक्याला मार, रक्तातली साखर हेही पाहावं.

मेथॅम्फेटामाइन मेंदूतलं डोपामिन भसकन मोकळं करतं. भूक मरते, झोप उडते आणि संशय बळावतो. कातडीखाली किडे वळवळल्याचा भास होतो, म्हणून हातावर ओरखडे दिसतात. नशा थांबली की बहुतेकांचे भास काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतात. महिना उलटूनही राहिले, तर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा विचार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये 'हिरोपोन' नावाने हेच औषध घरोघर पसरलं आणि १९५१ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. व्यसन सुटलेल्यांनाही जागरणाने, दारूने किंवा ताणाने तेच भास पुन्हा होऊ शकतात, हे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. म्हणून बरं वाटलं तरी उपचार अर्धवट सोडू नयेत.

मुंबईत 'एमडी' म्हणून विकतात ते बहुधा मेफेड्रोन. रसायन वेगळं, पण संशय आणि भास त्यानेही होतात. लघवीच्या साध्या तपासणीत ते सापडेलच असं नाही.

घरच्यांनी काय करावं? कॅमेरा नाहीच म्हणून वाद घालू नये, आणि मुलाच्या समाधानासाठी पंखाही उतरवू नये. "तुला भीती वाटतेय ना, मी आहे इथे," एवढं म्हणावं. घरातली सुरी-कोयता हलवून ठेवावा. अंग तापलं, छातीत दुखलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर थेट रुग्णालय गाठावं. सल्ल्यासाठी 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

लोक काय म्हणतील याची काळजी करत घालवलेला प्रत्येक दिवस आजाराच्या पथ्यावर पडतो.